बागेतल्या भिंतीवर वाळक्या पानासारखा पतंग, आतून एकदम नारिंगी. कोणता असेल?

सहकारनगरकर:
नमस्कार मंडळी. तळजईच्या पायथ्याला आमच्याकडे एक बाग आहे, सकाळी चालायला जातो तिथे. वॉचमनच्या केबिनबाहेर रात्रभर ट्यूब चालू असते आणि सध्या पावसाळ्यामुळे सकाळी त्या भिंतीवर पतंगांची नुसती जत्रा असते. बहुतेक बारीक आणि मातकट, पण परवा एक चांगला मोठा होता, बसलेला असताना हुबेहूब वाळकं पान, मधली शीरसुद्धा दिसत होती. मोबाईल जवळ नेला तर दचकला, पुढचे पंख उघडले आणि मागचे पंख चक्क नारिंगी, त्यावर काळा डाग. फोटोवरून नाव सांगणाऱ्या गूगल लेन्सला दाखवलं तर बंद पंखांच्या फोटोला एक नाव, उघड्याला दुसरं, आणि एकाला तर 'सुकलेलं पान' 😅

अजून दोन शंका. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे, डोक्यामागे दोन निळे डोळे आणि शेपटीला काटा. माळीकाका म्हणतात विषारी आहे, औषध मारतो. कसंबसं थांबवून ठेवलंय. आणि गवतावर भर उन्हात काळे-पिवळे किडे जोडीने बसलेले असतात, पंखात काचेसारख्या खिडक्या, ही गांधीलमाशी का पतंग?

रातकिडा:
पहिला युडोसिमा, फळातला रस शोषणारा पतंग. आता डाग नीट बघून सांगा. गोल ठिपका असेल तर त्यातली मटेर्ना ही जात, वाकडा, स्वल्पविरामासारखा असेल तर बहुधा फॅलोनिया. आणि बागेत गुळवेल आहे का बघा, असणारच, कोविडनंतर लोकांनी जिथे तिथे लावलीये. याची अळी गुळवेलीची पानं खाते. काळपट अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके, डोकं खाली वाकवून कमान करून बसते. ती सापडली की ओळख जवळपास पक्की.

माझं तर मत आहे की लेन्स बाजूला ठेवा आणि आधी झाड ओळखायला शिका. पतंग सतराशे साठ दिसतात एकसारखे, पण अळी कशावर आहे हे कळलं की यादी झटक्यात लहान होते. तगरीवरची अळी त्याचंच उदाहरण, ती ओलिअँडर हॉक मॉथची, सहसा कण्हेर, तगर, सदाफुली या झाडांवर असते. शेपटीचा काटा मऊ असतो, टोचत नाही, निळे डोळे पक्ष्यांना घाबरवायला. काकांना सांगा तगरीला काही होत नाही, पुन्हा पालवी येते.

काचेच्या खिडक्यावाले पतंगच, अमाटा किंवा त्याच्या जवळचा सिंटोमॉइड्स. दिवसा उडतात, गांधीलमाशीचं सोंग घेतात. फोटो टाका, पोटावरचे पिवळे पट्टे दिसतील असा. नुसत्या वर्णनावर मी जात सांगणार नाही.

वरूडचा_बागायतदार:
भाऊ तुमाले सुंदर दिसते, आमच्या संत्र्याचा सत्यानाश करते थो. आंबिया बहाराचं फळ पिकाले आलं का रातच्याले येते, त्याची सोंड लय कडक असते, सालीतून आरपार भोक पाडते. रस पिऊन जाते उडून. मंग त्या भोकातून बुरशी शिरते, फळ सडते आन् गळून पडते. सकाळी झाडाखाली सडा. आमी सांजच्याले बागेत धूर करतो, गळलेले फळं वेचून खड्ड्यात पुरतो, धुऱ्यावरची (बांधावरची) गुळवेल आन् वासनवेल काढून टाकतो. फवारून काई उपेग नाई, अळी बागेत राहतच नाई ना, थे रायते धुऱ्यावर नाईतर जंगलात.

रातकिडा:
@वरूडचा_बागायतदार एकदम बरोबर बोललात भाऊ, नुकसान करतो मोठा पतंग आणि अळी संत्र्याला तोंडही लावत नाही, म्हणून लोकांना चोर सापडत नाही. पण पुण्याच्या बागेत संत्री नाहीत, तिथली गुळवेल कृपया कोणी काढू नका 🙏

ठाण्याची_मावशी:
तगरीची अळी घरी पाळून बघा ना! बरणीत नको, मोठा डबा घ्या, वर जाळी, खाली थोडी ओलसर माती आणि वाळका पाला, रोज ताजी पानं. मोठी झाली की हिरवी अळी अचानक काळपट तपकिरी होते, लोकांना वाटतं मेली आणि फेकून देतात! ती कोष करायला पाल्यात उतरते, साधारण दोन आठवड्यात मिलिटरीच्या कपड्यांसारखा हिरवा-गुलाबी पतंग बाहेर. आपल्या शेजारी कारवारला टी. आर. बेल नावाचे वनखात्यातले साहेब होते, त्यांनी अशाच अळ्या पाळून त्या काय खातात ते नोंदवलं, स्कॉटबरोबरचा त्यांचा हॉक मॉथवरचा खंड १९३७ सालचा आहे आणि आजही लोक तो उघडतात.

फोटो काढताना वरून एक, बाजूने एक, आणि शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून एक. मिशा दिसल्या पाहिजेत. मग आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींची साइट आहे, तिथे लोक ओळखायला मदत करतात) तारीख-ठिकाणासकट टाका, आणि मॉथ्स ऑफ इंडियाच्या साइटवर ताडून बघा. बारीक मातकट जे आहेत ना त्यांच्यातल्या कित्येकांची जात फोटोवरून कळतच नाही, आतले अवयव बघावे लागतात, तेव्हा कुळापर्यंत पोचलात तरी खूश व्हा.

सहकारनगरकर:
धन्यवाद सगळ्यांना! डाग वाकडा आहे, म्हणजे फॅलोनिया. गुळवेल कडुनिंबावर चढलीये, आणि गंमत म्हणजे माळीकाकाच रोज तिची कांडी काढ्याला घेऊन जातात. तगरीला औषध न मारायचं कबूल झालेत पण 'फुलं कमी आली तर तुम्ही बघा' म्हणाले. आता पांढरी चादर लावून, त्यावर दिवा सोडून रात्री येणारे पतंग बघायचे आहेत, बाग आठला बंद होते, तर सोसायटीच्या गच्चीवर चालेल का? आणि बल्ब कोणता?

ठाण्याची_मावशी:
गच्ची चालेल, टेकडीकडची बाजू धरा. अमावस्येच्या आसपास, वारा नसताना, पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तम. मर्क्युरी बल्ब मिळाला तर बघा नाहीतर यूव्ही एलईडी, पिवळ्या दिव्यावर फारसे येत नाहीत. बल्बकडे एकटक बघू नका, डोळ्यांना त्रास होतो. दिवा रात्रभर ठेवू नका, दोन तासांनी बंद करा आणि चादर हलकेच झटका, नाहीतर सकाळी बुलबुल आणि साळुंक्या आयता नाश्ता करतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डास सोडणार नाहीत.