प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिन-हेडमधला फिरणारा स्टड

दादा, मॅनिफोल्ड (इंजिनच्या हवेचा-धुराचा नळ) हेडला धरणारा ८ मिमीचा स्टड (बिनडोक्याचा आटेदार दांडा) आटे गेल्यामुळे नुसता फिरतोय म्हणून गॅरेजवाला १० मिमीचा बोल्ट टाकायचा म्हणतो, तर त्याला आधी थांबवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. भोक मोठं केलं की भोवतालची भिंत पातळ होते आणि मॅनिफोल्डचं भोकही वाढवावं लागतं. एम-सील किंवा लोकटाइट (आटे पक्के करायचा गोंद) भरणं हाही उपाय नव्हे. धरायला आटेच उरले नाहीत तर ते कशाला चिकटणार?

हेलिकॉइल, म्हणजे भोकाला नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. ८ बाय १.२५ (८ मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) साठी ८.३ मिमीचं ड्रिल, मग हेलिकॉइलच्या किटमधलाच टॅप (आटे पाडायचं हत्यार). साधा ८ चा टॅप इथे चालत नाही. ड्रिल सरळच जायला हवं, म्हणून शक्य असेल तर हेड उतरवून पिलर ड्रिलवर (खांबावर बसवलेल्या उभ्या ड्रिल मशीनवर) करा. टॅपला रॉकेल लावा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. हाताला जड लागलं की जोर करू नका, टॅप बाहेर काढून कीस पुसा. माझ्या वडिलांच्या गाडीत घाईने टॅप आतच तुटला होता, तो काढायला दोन दिवस गेले.

कॉइल पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली बसली पाहिजे. भोक आरपार असेल तर तिची खालची शेंडी (जिला धरून कॉइल फिरवत बसवतात ती) तोडून चिमट्याने नक्की बाहेर काढा. स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे गेले असतील तर मात्र कॉइलऐवजी भरीव बुश बसवा, प्लग काढताना बुश सोबत निघून येत नाही.