निर्यातबंदी नको, पण सीझन तर बघा

वर एका भाऊंनी लिहिलंय की डब्याच्या पत्र्याची निर्यातच बंद करा. इतकं सोपं नाही ना भाऊ, पत्रा जमशेदपूरला बनतो पण त्यावरचं कथील बहुतेक बाहेरून येतं, त्याला डॉलर लागतात, ते निर्यातीतूनच मिळतात ना. पण इकडे मृगाचा (पावसाळ्यात फुलणाऱ्या बहाराचा) संत्रा फेब्रुवारी-मार्चला एकदम उतरतो, तेव्हा फळ डबाबंद करायला डबे नसले की माल नागपूरच्या कळमना बाजारात मातीमोल जातो, संत्रा काही कांद्यासारखा चाळीत थांबत नाही. आणि प्लास्टिक वापरा म्हणणाऱ्यांनो, फिक्या फळाला आतून बिनलॅकरचा (वार्निशासारखा थर न दिलेला) कथिलाचा डबाच बरा, रंग टिकतो. म्हणून सीझनआधी इथल्या फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचा पत्र्याचा कोटा बाजूला काढा, उरलेलं खुशाल पाठवा. छोट्या युनिटवाल्यांनाही द्या बाप्पा, नाहीतर सगळा पत्रा तेलाच्या पिप्यांतच जाते.