क्रेऑन लोभी नाही, घाबरलेला आहे

‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकातला राजा क्रेऑन म्हणजे सत्तेची हाव, असं एकांनी लिहिलंय. मला हे पटत नाही. सोफोक्लीजचं हे नाटक (इ.स.पू. 441 च्या सुमाराचं) सुरू होतं तेव्हा क्रेऑन नुकताच गादीवर आलाय. दोघे भाचे एकमेकांच्या हातून मेले म्हणून राज्य त्याच्याकडे आलं, त्याने ते हिसकावलेलं नाही. त्यांच्यातल्या पॉलिनायसीसचं प्रेत पुरायचं नाही, हा त्याचा पहिला मोठा हुकूम, आणि पॉलिनायसीसची बहीण अँटिगनी तो मोडून भावाला माती देते. पहिलाच हुकूम मोडला गेला तर आपल्याला राजा म्हणून कोण मानणार, ही धास्ती त्याला पोखरते.

म्हणूनच त्याला सगळीकडे कट दिसतो. प्रेतावर कुणी माती टाकल्याची बातमी घेऊन पहारेकरी आला की ‘पैसे खाल्लेस’, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस समजवायला आला की त्यालाही तेच! पोटचा मुलगा हीमॉन सांगतो, गावात लोक अँटिगनीसाठी हळहळतायत. तर हा बाईचा गुलाम म्हणून त्यालाच झिडकारतो. विरोध प्रामाणिक असू शकतो हेच त्याच्या मनात येत नाही.

आणि शेवट पाहा. वृद्धांचा कोरस (नाटकातला गायकवृंद) सांगतो, आधी गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेत पुर. क्रेऑन उलट करतो : आधी प्रेताचे संस्कार, मग गुहा. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. चूक कळल्यावरही तो जिवंत माणसाआधी मोडलेला नियम सावरायला धावतो. हा क्रम वाचताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.