जुन्या वहीतलं वजन, नवा डबा: हे चालत नाही!

रानवाट (टेक्सास): घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या या कट्ट्यावर परवा कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं, "४८३१ म्हणजे ४८३१. जुन्या वहीतलं वजन आजही भरा, पावडर काय शिळी होते?" आणि लोक माना डोलावतायत! ४८३१ हे रायफलीच्या दारूचं, म्हणजे पावडरीचं, नाव. हॉजडन कंपनीने ती सुरुवातीला विकली ती दुसऱ्या महायुद्धातल्या २० मिमी तोफेची उरलेली पावडर. १९७० च्या दशकात ड्यूपॉन्टची आयएमआर ४८३१ आली, ती हॉजडनच्या पावडरीपेक्षा जलद जळते. आजची एच ४८३१ ऑस्ट्रेलियात बनते. वहीत आकड्यामागे एच की आयएमआर हेच नसेल, तर ती वही फाडून टाका. नवा लॉट, म्हणजे कारखान्यातली नवी खेप, उघडला की वजन दहा टक्के खाली आणायचं, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावायचा आणि झाडलेल्या पुंगळ्यांवर दाबाच्या खुणा बघत हळूहळू चढायचं.

मोहोळ: उगाच घाबरवू नका. किरकोळ डब्यातली पावडर कंपनी लॉट मिसळून ठरलेल्या मर्यादेत आणूनच विकते. काडतूस कारखान्यांना घाऊक जाते तिची गोष्ट वेगळी, ते प्रत्येक लॉटचा दाब स्वतः मोजतात. मी कित्येक वर्षं .३०-०६ रायफलीच्या काडतुसात एकच वजन भरतोय, बोल्ट (रायफलीचा खटका-दांडा) कधी अडला नाही. दर डब्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात म्हणजे पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) दोन्ही कागदी निशाणावर उधळायचे. भाव बघितलेत का? वर धोकादायक माल पाठवण्याचा, हॅझमॅटचा, भुर्दंड वेगळा.

सोनचाफा: भाव कोणी वाढवले, दादा? टंचाईत आठ-आठ पौंडांचे डबे उचलून गॅरेजमध्ये रचणाऱ्यांनीच ना? फीनिक्सच्या उन्हाळ्यात ते गॅरेज म्हणजे भट्टी. तोच माल आता "सीलबंद, नव्यासारखा" म्हणून विकतायत. मी असला एक डबा घेतला. झाकणाच्या आत लालसर धूळ, आणि वास असा आंबट की नाकात झोंबला. विकणारा म्हणे, "पावडरीचा वास असाच असतो."

क्षारमापक: ताई, तो डबा भरू नका आणि घरातही ठेवू नका. नायट्रोसेल्युलोज विघटित होताना नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात. पावडरीतलं डायफेनिलअमाइन ते शोषून घेतं. ते संपलं की विघटनाचा वेग वाढत जातो, आणि उष्णतेत ते लवकर संपतं. मोहोळ, मर्यादा असते ती कारखान्यातून निघताना. नंतर डबा उघडा राहून पावडर कोरडी पडली की ती जलद जळते. दाण्यावरचं ज्वलन मंदावणारं लेपन वर्षानुवर्षांत आत झिरपलं, तर सुरुवातीचा दाब चढतो. "जुनी म्हणजे फार तर मंद होईल" हा समज धोक्याचा आहे.

मोहोळ: हे सगळं गोल दाण्यांच्या बॉल पावडरवाल्यांना सांगा! व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफल कशाने अडकली? १९६४ मध्ये काडीसारख्या दाण्यांची आयएमआर ४४७५ काढून डब्ल्यूसी ८४६ ही बॉल पावडर घातली म्हणून. काडीच्या पावडरीने कधी असा दगा दिला नाही.

तोफखाना: अर्धीच गोष्ट सांगू नका हो! चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचं सामान पोचलं नव्हतं, वर सैनिकांना सांगितलेलं की ही रायफल साफच करावी लागत नाही.

मोहोळ: आणि फायरिंगचा वेग वाढला तो कशाने? गॅसच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेट साचलं ते कुठून आलं? १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या इकॉर्ड समितीने पावडर बदलण्यावरच ताशेरे ओढले. पोरं अडकलेल्या रायफली हातात धरून मेली, आणि तुम्ही सफाईचं सामान मोजताय!

तोफखाना: आवाज खाली. माझा शेजारी त्या युद्धात होता, मला शिकवू नका. कार्बोनेटचं मान्य, पण चेंबर गंजलं ते पावडरीमुळे नव्हे.

रानवाट: भांडा, पण मोहोळ, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. पुढे सैन्याने ८४६ चे एम-१६ च्या ५.५६ मिमी काडतुसाला मानवणारे लॉट वेगळे काढून त्यांना ८४४ हे नाव दिलं. एकाच नावाखाली इतका फरक होता म्हणूनच ना? माझ्या ओळखीच्या एकाने नवा लॉट जुन्याच वजनाने भरला. प्रायमर चपटा, कडेची गोलाई उरलेली नाही, आणि बोल्टचा दांडा तळव्याने ठोकून उघडावा लागला. तोही म्हणत होता, "कधी अडला नाही."

मोहोळ: ठीक. डब्यावर लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख लिहीन, नव्याला दहा टक्के खालूनही सुरू करीन. बॉल पावडरबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

सोनचाफा: माझ्या त्या डब्याचं करू काय, ते आधी सांगा.

क्षारमापक: विकू नका, कोणाला देऊ नका. अग्निशमन केंद्राला आजच फोन करा.