नागपूरच्या बर्डी (सीताबर्डी)-धंतोली भागात जुना फ्लॅट घेताना काय तपासावं?

प्रश्न: 25-30 वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 2 बीएचके पाहतोय. मेट्रो पायी अंतरावर आहे. विसार देण्याआधी काय बघू?

उत्तर १: आधी जमीन कोणाची ते बघा. या भागात नझूल (सरकारी जमीन) किंवा नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजचे प्लॉट बरेच आहेत. सिटी सर्व्हे कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, त्यात सत्ताप्रकार, म्हणजे जमीन मालकीची की लीजची, ते दिसतं. लीज असेल तर मुदत कधी संपते, भूभाटक (जमिनीचं भाडं) थकलंय का, हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. लीज संपलेली असली की बँक कर्ज अडवते. मग विसार अडकतो. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्टही (आधीच्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) घ्या.

उत्तर २: डीड ऑफ डिक्लेरेशन (पूर्ण इमारतीचा नोंदणीकृत दस्त) आणि विक्रेत्याचं डीड ऑफ अपार्टमेंट (त्याच्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त) दोन्ही मागा. मंजूर नकाशाशी बाल्कनी नि पार्किंग ताडून बघा. बंद केलेली बाल्कनी पुढे त्रास देते. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. खरेदी फक्त बाईच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट.

उत्तर ३: जोराच्या पावसानंतर एकदा जाच. सिमेंट रोड जुन्या जोत्यापेक्षा उंच झाले, की पाणी थेट पार्किंगमध्ये उतरतं. मग मीटर बोर्ड नि पाण्याचा पंप दोन्ही धोक्यात. सप्टेंबर 2023 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते चौकीदाराला विचारा. धंतोलीत दवाखान्यांमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा स्वतःचं पार्किंग नसेल तर तो फ्लॅट घेऊच नका.