मदत हवी आहे: जीएम काउंटरच्या ग्राफचा उतार −२ येतच नाही

गोदाकाठ_टीवाय
शुक्रवारी जर्नल सर्टिफाय व्हायचंय आणि जीएम काउंटरवरचं (किरणोत्सार मोजणारी गायगर-म्युलर ट्यूब) इन्व्हर्स स्क्वेअर लॉचं प्रॅक्टिकल अडकलंय, म्हणजे सोर्सपासून अंतर दुप्पट केलं की काउंट चौथाई व्हायला हवेत. काउंट आणि अंतराच्या लॉग-लॉग ग्राफचा उतार −१.४७ येतो, −२ यायला हवा. परत रीडिंग घेतली तरी तेच. वर्गातल्या काहींनी आकडे 'बसवून' टाकलेत, मला ते करायचं नाही. काय चुकतंय ते कोणीतरी लवकर सांगा.

खटपट्या
किरणोत्सारी सोर्स कुठला? अंतर किती ते किती? बॅकग्राउंड (सोर्स नसतानाही येणारे काउंट) वजा केलंस का? व्होल्टेज? यातलं काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय?

सिन्नरकर
डेड टाइम. दुसरं काही नाही. एक पल्स आली की ट्यूब सावरेपर्यंत पुढचे कण मोजलेच जात नाहीत. त्यामुळे जवळचे आकडे कमी पडतात आणि रेघ आडवी होते. आम्हाला एमएस्सीला हेच आलं होतं. दोन सोर्स घेऊन डेड टाइम काढ.

द्राक्षबाग
मध्येच विचारतो, माफ करा. मुलं हे सोर्स हातात धरतात का? माझी मुलगी पुढच्या वर्षी बीएस्सीला जाईल.

गोदाकाठ_टीवाय
सोर्स सीझियम-१३७च, लॅबमध्ये दुसरा आहे कुठे! व्होल्टेज ४५०, प्लॅटोच्या मधलं, म्हणजे थोडं हललं तरी काउंट फारसे बदलत नाहीत असं. प्रत्येक रीडिंग ६० सेकंद.
२ सेमी – ५०६१
४ – २०३१
६ – ११४०
८ – ६९४
१० – ५०३
१२ – ३५७
बॅकग्राउंड मिनिटाला २८. ते एवढंसं आहे म्हणून वजा केलं नाही.

खटपट्या
हेच आधी द्यायचं ना. बॅकग्राउंड आधी वजा कर. ५०६१ मधून २८ गेले तर कळणारही नाही, पण ३५७ मधून गेले की आठ टक्के फरक पडतो. लांबचे आकडे फुगलेत म्हणूनच उतार कमी.

सिन्नरकर
डेड टाइम काढल्याशिवाय काही होणार नाही.

नाशिकरोड_निवृत्त
सिन्नरकर, जरा आकडेमोड करा. मिनिटाला ५०६१ म्हणजे सेकंदाला ८४. डेड टाइम १०० मायक्रोसेकंद धरला तरी तूट एक टक्क्याहून कमी. सेकंदाला हजारभर काउंट असते तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.
खटपट्या, तुमची दिशा बरोबर, पण मी बॅकग्राउंड वजा करून पाहिलं. उतार −१.५१ येतो. रोग वेगळाच आहे.
बाळा, अंतर कुठून मोजलंस?

गोदाकाठ_टीवाय
स्टँडवरच्या पट्टीवरून, सर. ट्यूबच्या टोपणापासून सोर्सच्या डबीपर्यंत. दुसरं कुठून मोजणार?

भूगर्भ
२८ बॅकग्राउंड अगदी रास्त आहे. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट, त्यात पोटॅशियम, थोरियम कमी. केरळात चवऱ्याच्या थोरियमवाल्या मोनाझाइट वाळूवर हीच ट्यूब ठेवा, मग बघा.

नाशिकरोड_निवृत्त
तिथेच अडलंय. मोजणी टोपणापाशी होत नाही, आत गॅसमध्ये होते. सोर्सचा ठिपकाही डबीच्या पृष्ठभागावर नसतो, आत बसवलेला असतो. म्हणजे खरं अंतर पट्टीवरचं d नाही, d + a. हा a १० सेमीवर फारसा जाणवत नाही, पण २ सेमीवर सगळं बिघडवतो.
लॉग-लॉग सोड. बॅकग्राउंड वजा करून उरलेल्या काउंटचं (N) १/√N काढ आणि d समोर मांड. नियम पाळला जात असेल तर सरळ रेघ येते आणि ती वाढवली की d-अक्षाला −a वर छेदते. a आधी माहीत असावा लागत नाही, तो ग्राफच सांगतो. मला हा ग्राफ फार आवडतो, कारण यात आकडा बसवायला जागाच नसते.

द्राक्षबाग
माझं राहिलंच.

खटपट्या
@द्राक्षबाग, लॅबचे सोर्स मायक्रोक्युरीतले, म्हणजे अगदी कमी ताकदीचे, आणि सीलबंद. चिमट्याने उचलायचे, काम झालं की शिशाच्या डबीत ठेवायचे, लॅबमध्ये खायचं नाही. एवढं पाळलं तर काळजी नको.

निफाडचा_कांदा
विषय निघालाच आहे म्हणून. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० वापरून कांद्याला किरणं देतात, कोंब येऊ नये म्हणून. गावात अजून लोक विचारतात, असा कांदा खाल्ला तर किरणोत्सार पोटात जातो का?

भूगर्भ
नाही. कांद्यातून गॅमा किरणं जातात, कोबाल्ट कांद्याला लागत नाही. त्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (ऊर्जेचं एकक), तेवढ्याने कांद्यातले अणू किरणोत्सारी होत नाहीत.

गोदाकाठ_टीवाय
सरळ रेघ आली!! a = १.४५ सेमी. मग d + १.४५ घेऊन लॉग-लॉग परत काढला, उतार −२ च्या अगदी जवळ. सर, खूप आभार. व्हायव्हात विचारलं की १२ सेमीचा बिंदू रेघेपासून थोडा बाजूला का, तर?

नाशिकरोड_निवृत्त
३५७ चं वर्गमूळ साधारण १९, म्हणजे पाच टक्के अनिश्चितता तिथे असणारच. प्रत्येक बिंदूवर एरर बार (अनिश्चितता दाखवणारी उभी रेघ) काढ. वेळ मिळाला तर लांबची रीडिंग ३०० सेकंद घे, अनिश्चितता निम्म्याहून कमी होईल. जुना −१.४७ चा ग्राफही जर्नलमध्ये राहू दे, खोडू नको.

सिन्नरकर
तरी दोन सोर्सवाला प्रयोग एकदा करून बघ. व्हायव्हात डेड टाइम विचारतातच.