नेलांग-जादुंगची गोष्ट वेगळी आहे
उत्तराखंडातली गावं नोकरी आणि शाळेपायी ओस पडली, असं म्हणतात; पौडी-अल्मोड्याकडे ते खरंच आहे. पण उत्तरकाशीतलं नेलांग आणि जादुंग त्यात धरू नका. ती १९६२च्या चीन युद्धात रिकामी करवली गेली. तिथले ‘जाड भोटिया’ जमातीचे लोक हर्सिलशेजारी बगोरीत आणि खाली डुंड्याला आले. तिबेटशी चालणारा मीठ-लोकरीचा व्यापारही तेव्हाच मिटला.

बगोरीत एका आजींकडून लोकरीचे मोजे घेतले होते (अजून टिकलेत!). त्या म्हणाल्या, घरं सुटली, पण देव वरच राहिले. वर्षातून एकदा परवानगी काढून पूजेला जायचं, आपल्याच गावात! पर्यटकांना नेलांग खुलं झालं २०१५ मध्ये, तेही दिवसापुरतंच.